वय वाढलं की पोट कमी का दुखतं? साठीनंतरच्या तक्रारी, औषधं आणि धोक्याच्या खुणा

धंतोली_सर्जन · रविवार, सकाळी १०:०५

साठीपुढच्या पोटदुखीवर इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहून झालं आहे, म्हणून एकच धागा उघडतो. मुद्दा सरळ आहे. या वयात दुखणं किती आहे यावरून आजार किती आहे ते ठरवता येत नाही.

आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जाजाळं असतं. वयासोबत त्यातल्या पेशी घटतात, मोठ्या आतड्यात विशेष. भिंत ताणली गेल्याची बातमी वर नेणारे तंतूही मंदावतात. अन्ननलिकेत छोटा फुगा फुगवून केलेल्या चाचण्यांत वयस्कर माणसाला दुखायला लागेपर्यंत तो तरुणापेक्षा जास्त फुगवावा लागतो. म्हणजे दुखण्याचा उंबरठा वर सरकतो. सोसण्याची ताकद मात्र त्या मानाने वाढलेली नसते. शिवाय मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणारी यंत्रणा या वयात कमजोर पडते. म्हणून दुखणं उशिरा कळतं, अन् एकदा सुरू झालं की लवकर शमत नाही. "काहीच नव्हतं, एकदम जोरात सुरू झालं" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. आजार आधीपासून चालूच असतो.

दुसरी गोष्ट पोटाच्या भिंतीची. तरुण माणसाच्या पोटात पू पसरला की स्नायू आकसून पोट फळीसारखं कडक होतं. वयस्करांचे स्नायूच पातळ झालेले, ते काय कडक होणार? वरून हात लावून बघणारा फसतो. ताप नसतो, पांढऱ्या पेशी कित्येकदा वाढलेल्या नसतात. अपेंडिक्स या वयात तरुणांपेक्षा कमी वेळा सुजतं, पण सुजलं तर फुटलेल्या अवस्थेत दवाखान्यात येण्याचं प्रमाण बरंच जास्त.

औषधवाले, सिस्टर, आहारवाले, आपापलं लिहा.

औषधपेटी · सकाळी १०:४०

सर्जनसाहेबांनी शरीराचं सांगितलं, मी गोळ्यांचं सांगतो. म्हाताऱ्या माणसाची पोटाची तक्रार आली की पहिलं काम म्हणजे गोळ्यांचा डबा टेबलावर ओतणे. चिठ्ठी नाही, डबाच. चिठ्ठीत नसलेल्या गोळ्याच जास्त त्रास देतात.

बद्धकोष्ठ करणाऱ्या: लोह, कॅल्शियम कार्बोनेट, ब्लडप्रेशरच्या ॲम्लोडिपिन आणि त्याहून जास्त व्हेरापामिल, ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईसाठीची ऑक्सिब्युटिनिन. अँटासिडच्या पातळ औषधात ॲल्युमिनियम असेल तर शौच घट्ट, मॅग्नेशियम असेल तर पातळ. मेटफॉर्मिनने उलट जुलाब होतात, तेही कधी कधी बरीच वर्षं घेतल्यावर.

दुखणं झाकणाऱ्या: स्टिरॉइड आणि गुडघ्यांसाठी रोज चालणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या जठरात जखम करतात आणि तीच जखम दुखू देत नाहीत. त्यामुळे अल्सरची पहिली खूण दुखणं नसून काळी शौच, नाहीतर चालताना लागणारा दम असते. सोबत ७५ मिग्रॅची ॲस्पिरिन असेल तर धोका आणखी वाढतो. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गोळीने, नाडी वाढत नाही, तिच्यावरून घाबरण्यासारखं काही आहे की नाही ते कळत नाही.

काळ्या शौचेबद्दल हमखास गोंधळ होतो. लोहाच्या गोळीने शौच काळपट हिरवी होते, पण बांधलेली असते. रक्त जिरून आलेली शौच डांबरासारखी चिकट असते, भांड्याला चिकटून राहते आणि तिचा वास वेगळाच, उग्र असतो. दुसरी असेल तर सकाळची वाट बघू नका.

आणि काउंटरवर सर्रास मागितली जाते ती डायसायक्लोमिन-मेफेनामिक ॲसिडची जोडगोळी. सत्तरीच्या माणसाला ती देऊ नये असं माझं स्पष्ट मत. डायसायक्लोमिनने लघवी अडते, तोंड कोरडं पडतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. मेफेनामिक जठर आणि मूत्रपिंडाला जड. दोन्ही मिळून दुखणं दोन-चार तास झाकतात, तेवढ्यात आतलं प्रकरण पुढे गेलेलं असतं.

तर्री_मारके · सकाळी ११:१५

म्हणजे वय झाल्यावर जळजळ कमी होते ना? मग सत्तरीत तर्री-पोहे, सावजी रस्सा बिनधास्त चालायला पाहिजे! जळतच नाही तर भीती कशाची? 😄

गॅस्ट्रोवाला · सकाळी ११:५०

तर्रीभाऊ, इथेच मेख आहे. आम्ल वर येणं वयाने कमी होत नाही, उलट अन्ननलिकेची वरचं खाली ढकलायची ताकद कमी होते आणि लाळही घटते, म्हणून आम्ल जास्त वेळ टिकतं. जळजळ तेवढी कमी जाणवते. दुर्बिणीत पाहिलं तर वयस्कर रुग्णाची अन्ननलिका जास्त सोललेली, आणि तक्रार मात्र किरकोळ, हे चित्र नेहमीचं. त्यांची लक्षणं वेगळ्या वाटेने येतात: रात्रीचा खोकला, बसलेला आवाज, भूक मंदावणे, वजन उतरणे, घास अडकणे. घास अडकत असेल तर गोळीवर दिवस ढकलू नका, सरळ दुर्बीण.

तिखट स्वतः अल्सर करत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन फक्त जळजळीचा मज्जातंतू चेतवतं. त्रास तर्रीपेक्षा तिच्या तेलाचा. चरबीने जठर हळू रिकामं होतं, आणि रात्री साडेदहाला सावजी खाऊन अकराला आडवं झालं की सगळं वर येतं. खायचंच असेल तर दुपारी, अर्धी वाटी रस्सा, तवंग काढून. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा देऊन १५ ते २० सेंमी उंची करा. उशांची चळत नको, तिने पोट मुडपतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपलेलं बरं.

पँटोप्राझोल जेवणानंतर घेणारे शेकड्याने आहेत. ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, जेवणाने आम्लाचे पंप चालू होतात तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. आणि वर्षानुवर्षं आपल्याआप चालू ठेवायची नसते. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं, आतड्याचे काही जंतुसंसर्ग वाढतात. मात्र ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक चालू आहे म्हणून जी दिली आहे ती परस्पर बंद करू नका. ती जळजळीसाठी नसून रक्तस्राव टाळण्यासाठी असते.

मिहानकर · दुपारी १२:३०

एक विचारायचं होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला चार दिवस थोडी थोडी पातळ शौच होत असेल, कपडे खराब होत असतील, तर जुलाब थांबवायची लोपेरामाइड द्यावी की नाही? काही जण म्हणतात लगेच द्या.

रात्रपाळी_सिस्टर · दुपारी १२:५५

भाऊ, थांबा. आधी शेवटची बांधलेली शौच कधी झाली ते आठवा. आठ दिवस झाली नसेल अन् आता पातळ गळून राहिलं असेल, तर ते जुलाब नाहीत. खाली गुदाशयात कडक गोळा अडकला आहे अन् वरचं पाणी त्याच्या बाजूने झिरपून राहिलं आहे. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, न कळता, वास घाण, ही त्याची ओळख. लोपेरामाइड दिली की गोळा आणखी पक्का बसतो.

गुदाशयात बोट घालून तपासलं की मिनिटात कळतं, पण हे काम डॉक्टरचं किंवा शिकलेल्या सिस्टरचं. घरच्यांनी करू नये, कातडी पातळ असते, नाडीही एकदम मंदावू शकते. गोळा खाली असेल तर ग्लिसरीन सपोझिटरी, एनिमा, मग वरून पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाण्यात घालून प्यायची शौच मऊ करणारी पावडर. दुकानात मिळणारा फॉस्फेट एनिमा मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्याला आपल्या मनाने देऊ नका, रक्तातले क्षार बिघडतात. गोळा निघाल्यावरही रोजचं औषध चालू ठेवावंच लागते, नाहीतर पंधरवड्यात पुन्हा तेच.

गोळा आहे तोवर इसबगोलही नको. बंद नळीत आणखी भर घालण्यात अर्थ नाही.

आता जे बोलू शकत नाहीत त्यांच्याबद्दल. विसराळूपणाचा आजार असलेला माणूस "पोट दुखते" म्हणत नाही. तो जेवण ढकलतो, कूस बदलू देत नाही, एकाएकी चिडतो नाहीतर एकाएकी गप्प होतो. आम्ही पाच गोष्टींना ० ते २ गुण देतो: श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, अंगाची हालचाल, समजूत घातल्यावर शांत होतो का. बेरीज दहापैकी. एकदाच मोजून उपयोग नाही, बऱ्या दिवसाची बेरीज माहीत असली तरच आजची बोलते.

तापाचंही तसंच. ९८.६ सगळ्यांचं नसते, म्हाताऱ्यांचं नेहमीचं ९७ च्या आसपास असू शकते. तोंडात धरून १०० च्या वर गेलं, किंवा वारंवार ९९ च्या वर दिसलं, किंवा नेहमीपेक्षा दोन अंशांनी चढलं, तर तो ताप धरायचा. बरे असताना आठवडाभर सकाळी तापमान, नाडी अन् प्रेशर वहीत लिहून ठेवा. ज्याचं वरचं प्रेशर कायम १५० राहते त्याचं ११० आलं तर यंत्र "नॉर्मल" दाखवेल, माणूस मात्र घसरून राहिला असतो. मिनिटाला श्वास किती ते पूर्ण मिनिट मोजा. चोवीसच्या वर गेले की फोन उचला.

धंतोली_सर्जन · दुपारी २:१०

सिस्टरांनी लिहिलेलं वहीचं काम सोन्यासारखं आहे. आता तातडीची प्रकरणं, ज्यांत उशीर महागात पडतो.

छातीऐवजी वरच्या पोटात दुखणारा हृदयविकाराचा झटका. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात जास्त. बेंबीच्या वर नवीन दुखणं, घाम, मळमळ, अस्वस्थता: आधी बारा लीडचा ईसीजी, नंतर अँटासिड. पहिला ईसीजी साफ आला तरी लक्षणं टिकून असतील तर पुन्हा काढायचा, सोबत ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी.

आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, असलेल्या माणसाला अचानक भयंकर दुखतं, आणि पोट दाबून पाहिलं तर मऊ. ही विसंगतीच निदान आहे. सहा तासांच्या आसपास आतडं वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. इथे रक्तवाहिन्यांचा सीटी लागतो, सोनोग्राफीत वेळ घालवू नये. "क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलंय म्हणून कॉन्ट्रास्ट (सीटीआधी शिरेत देतात ते औषध) नको" हा वाद इथे घालायचा नसतो, मूत्रपिंडाला नंतर सांभाळता येतं.

जांघेतला हर्निया. उलट्या, फुगलेलं पोट, वायू बंद. आणि लुगडं किंवा पायजमा न सोडता तपासणी उरकलेली! लहान फीमोरल हर्निया, म्हणजे मांडीच्या मुळाशी येणारा, वयस्कर बायकांत अगदी सुपारीएवढा असतो, स्वतः दुखतही नाही. पोट तपासताना दोन्ही जांघा बघितल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. लाजेखातर हे राहून जातं, म्हणून घरच्यांनीच आठवण करावी.

आयुष्यात पहिल्यांदा साठीनंतर "मुतखडा" दुखणारा, धूम्रपान करणारा पुरुष. खडा असेलही. पण पोटातली महाधमनी फुगून फुटायला आली की दुखणं तसंच कुशीत येतं. सोनोग्राफी करताना महाधमनीची रुंदी मुद्दाम मोजून मागा.

जठर फुटलं असेल तर उभं राहून काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवा दिसते. उभं राहता येत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून काढतात. हवा दिसली नाही म्हणजे फुटलं नाही असं नाही, संशय असेल तर सीटी.

आणि एक साधं, रोज हुकणारं: बेंबीखाली दुखतंय, पोट तट्ट, माणूस येरझारा घालतोय. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली आहे. थेंब थेंब होते म्हणून "लघवी होते" असं सांगितलं जातं. कॅथेटर घातला की पाच मिनिटांत मोकळा.

यापैकी कशाचीही शंका असेल तर आपल्या नागपुरातली सरकारी रुग्णालयं, मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, जे जवळ पडेल तिथे थेट कॅज्युअल्टीत. ओपीडीची रांग नाही. १०८ फुकट आहे. निघताना गोळ्यांचा डबा, वही आणि जुना ईसीजी सोबत घ्या. तोवर खायला-प्यायला काही देऊ नका, जुलाबाचं औषध तर मुळीच नाही.

तर्री_मारके · दुपारी २:४०

वाचूनच पोटात गोळा आला बाप्पा. पण एक सांगा, आयबीएस, म्हणजे तपासण्या साफ असूनही पोट दुखणं अन् शौच बिघडणं, असलेल्यांचं काय? म्हातारपणी ते कमी होते म्हणतात.

गॅस्ट्रोवाला · दुपारी ३:२०

बऱ्याच जणांचं कमी होतं, खरं आहे. आयबीएसचं निदान तरुणपणापेक्षा पन्नाशीनंतर कमी होतं आणि दुखण्याचा भाग सौम्य पडतो. बद्धकोष्ठ आणि शौच न आवरणं मात्र वाढतं. गुदाशय पुरेसा भरल्याशिवाय संवेदनाच येत नाही, तोवर पाणी शोषलं जाऊन शौच कडक झालेली असते.

पण पन्नाशीनंतर *नव्याने* सुरू झालेल्या त्रासाला आयबीएस म्हणायची घाई नको. शौचाची सवय बदलली, वजन घटलं, रक्त पडलं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब, हिमोग्लोबिन उतरलं, यातलं एकही असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता निघाली तर नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून देणं म्हणजे अर्धं काम. रक्त जातंय कुठून ते शोधायलाच हवं.

कोलोनोस्कोपीआधी आतडं साफ करायच्या तयारीला पॉलिइथिलीन ग्लायकॉलचंच द्रावण मागा, सोडियम फॉस्फेटचं नको. निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या सकाळी. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं आधी विचारून घ्या. रात्री संडासाकडे धावताना पडून मांडीचं हाड मोडण्याची भीती खरी आहे, दिवा चालू अन् सोबत कुणीतरी हवं.

भाकरतुकडा · दुपारी ४:०५

आहाराकडे येऊ. जेवताना जठर सैल व्हायला हवं तेवढं वयाने होत नाही, चार घासांत पोट भरल्यासारखं होतं. दोन भरपेट जेवणांऐवजी पाच छोटी. जड जेवणानंतर काहींचं प्रेशर घसरतं, म्हणून ताटावरून उठताना सावकाश.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे, आणि म्हातारपणी तहानच कमी लागते. "तहान नाही" हे कारण चालणार नाही. सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवा, संध्याकाळपर्यंत संपवायची. ताक, पन्हं, सातूचं पाणी वेगळं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याला मर्यादा सांगितली असेल तर तीच पाळा.

दात नसतील तर ज्वारीच्या भाकरीचा हट्ट नको, ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात द्या. जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा, पण बारीक कुटलेली. अख्खं जवस जसंच्या तसं बाहेर पडतं. संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा, चोथा त्यातच आहे. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर संत्री-मोसंबीचं पोटॅशियम विचारूनच.

इसबगोल: एक ते दोन चहाचे चमचे, २०० ते २५० मिली पाण्यात, ढवळून *लगेच* प्यायचं, वर आणखी एक पेला. बाकी औषधांपासून दोन तास लांब.

औषधपेटी · दुपारी ४:३०

भाकरतुकडाताई, दोन चमचे पहिल्याच दिवशी नको. अर्ध्या चमच्याने सुरुवात, आठवड्याने वाढवा, नाहीतर गॅस होऊन माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो. आणि झोपताना आडवं होण्याआधी इसबगोल ही आपल्याकडची लाडकी पद्धत साफ चुकीची. ते घशात-अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास असणाऱ्यांना अजिबात नाही.

अंथरुणावरच्या किंवा पाणी कमी पिणाऱ्या माणसाला माझी पसंती पॉलिइथिलीन ग्लायकॉल, १७ ग्रॅम एका पेल्यात. लॅक्टुलोज १५ ते ३० मिली चालतं, पण परिणामाला एक-दोन दिवस लागतात. लोक पहिल्याच रात्री डोस दुप्पट करतात अन् मग धावपळ. बिसाकोडिल ५ मिग्रॅ रात्री घेतली तर सकाळी काम होतं, पण दूध किंवा अँटासिडसोबत नाही, आवरण आधीच विरघळून पोटात मुरडा येतो. लिक्विड पॅराफिन घातलेली पांढरी-गुलाबी औषधं ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्यांना नकोच. तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो.

भाकरतुकडा · दुपारी ४:४५

अर्ध्या चमच्याचं मान्य. पण चालता-फिरता, पाणी पिणारा माणूस असेल तर पहिली पसंती मी इसबगोललाच देईन. स्वस्त आहे, आणि पातळ-घट्ट दोन्हीला उपयोगी.

रात्रपाळी_सिस्टर · संध्याकाळी ६:२०

एक राहिलं होतं. पोटाच्या एकाच बाजूला, पाठीतून पुढे पट्ट्यासारखी आग अन् टोचणी, कपडा लागला तरी सहन होत नाही, तपासण्या साऱ्या साफ. नागीण असू शकते, पुरळ यायला दोन-चार दिवस लागतात. रोज सकाळी उजेडात पाठ अन् कूस बघा. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर फायदा. पन्नाशीपुढे लस मिळते, दोन डोस.

अन् दुखणं आतलं की भिंतीचं, हे बघायला निजवून मान-खांदे उचलायला सांगा, बोट दुखऱ्या जागी. उचलल्यावर दुखणं वाढलं तर बहुतेक भिंतीचं.

मिहानकर · संध्याकाळी ७:००

सगळ्यांचे आभार. गोळा अडकल्याचं कळलं, उद्याच तपासून घेऊ. पुढे पुन्हा अडकू नये म्हणून बसायचं कसं? गुडघ्यांमुळे भारतीय संडास जमत नाही.

रात्रपाळी_सिस्टर · संध्याकाळी ७:१५

कमोड चालते. पायाखाली १५ ते २० सेंमी उंच पाट ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. कोपर मांडीवर, थोडं पुढे वाकून. पाट घसरू नये म्हणून खाली रबरी तुकडा. नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी बसवा, संवेदना येवो न येवो, त्या वेळी आतडं आपोआप हलते. दहा मिनिटं पुरे, कुंथायचं नाही. एका हाताला भिंतीत पक्का दांडा ठोकून घ्या. टॉवेल अडकवायची दांडी धरून उठू देऊ नका, ती उपटून येते.